मॅडम, नंबर लागेल का?

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत माझं नाव निघायचं. ते दर वेळी चांगल्या अर्थानंच निघायचं असं म्हणायची माझी हिंमत नाही. ‘त्या कॉलेजच्या ऑफिसात एक बाई बसतात, त्यांना मार्क सांगा, नंबर लागणार की नाही ते त्या तोंडावर सांगतात,’ असं एकानं दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला माझ्या खिडकीपुढे रांग. आमचे प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, “बाई, आपण कॉलेज चालवतो की पत्रिका बघतो?” मी म्हटलं, “सर, पत्रिकेवाले चुकले तर ग्रहांवर ढकलतात. मला ती सोय नाही.”

माझी नेमणूक कनिष्ठ लिपिक म्हणून झाली होती. कॉलेज सोडल्याचे दाखले लिहायचे, बोनाफाइड द्यायची, परीक्षेच्या अर्जांवर फोटो नीट चिकटवलेत का ते पाहायचं. नंबर लागेल का हे सांगणं त्यात कुठेच बसत नव्हतं. पण दाखला घ्यायला आलेला बाप खिडकीतून हात मागे घ्यायच्या आधी विचारायचाच, “मॅडम, एवढ्या मार्कांवर काय होईल हो?” पहिली एक-दोन वर्षं मी हसून वेळ मारून नेली. मग मात्र मार्कांचा कागद धरून उभ्या राहिलेल्या माणसाला तसंच परत पाठवणं मला जमेना. म्हणून मी मागच्या वर्षांच्या प्रवेशयाद्या जमवायला लागले.

तेव्हाची पद्धत आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना गंमत वाटते. सीईटी अजून यायची होती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या तीन विषयांच्या बेरजेला आम्ही पीसीएम म्हणायचो, आणि तीनशेपैकी ती किती भरते यावर इंजिनिअरिंगचं सगळं ठरायचं. मॅथ्सच्या जागी बायॉलॉजी घातलं की मेडिकलची बेरीज. अर्ज गेले की पुण्याला गुणवत्ता यादी लागायची आणि त्यानंतर राउंड. राउंड म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं, यादीच्या क्रमानं नावं पुकारायची आणि ज्याचं नाव येईल त्यानं पुढे होऊन फळ्यावर शिल्लक असलेल्या जागांतली एक घ्यायची. त्याने घेतली की तिथले शिक्षक फळ्यावरचा आकडा पुसून एकनं कमी करत. जो हजर नसेल त्याची पाळी गेली.

लोक आपला यादीतला नंबर बघून हुरळायचे नाही तर खचायचे. मला त्या नंबरात फारसा रस नसे. पुढच्यांपैकी किती जण येणारच नाहीत, हे मी शोधायचे. काही मुलांनी मॅथ्स आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलेलं असे आणि ती दोन्हीकडे अर्ज करत. मेडिकलला प्रवेश मिळालेलं मूल इंजिनिअरिंगच्या राउंडला कशाला फिरकेल? तेव्हा मी दोन्ही याद्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवायचे, लाल पेन्सिल घ्यायचे आणि मेडिकलला लागलेलं नाव इंजिनिअरिंगच्या यादीतून खोडायचे. नाव जुळलं तरी बारावीचा बैठक क्रमांक जुळवायचाच, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता, कारण आपल्याकडे एका नावाची चार माणसं सहज निघतात. खोडून जे उरतील ते मोजायचे आणि शिल्लक जागांशी ताडून पाहायचे. एवढीच माझी विद्या. लोकांना ती जादू वाटायची आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही.

या याद्या आणायचा आमचा शिपाई दगूभाऊ. सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचा, तिथल्या गर्दीत घुसून यादीची झेरॉक्स मिळवायचा आणि छातीशी धरून परत यायचा. येताना बसमध्ये तो स्वतःच यादी वाचून काढायचा आणि आल्याआल्या बातमी द्यायचा, “मॅडम, आपल्या कॉलेजची पोरं यंदा बरी हायेत.” त्याचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. नाव कमावलं मी, पण पाय त्याचे झिजले. हे त्याच्यासमोर मी कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पिंपळगाव बसवंतचे एक कांद्याचे व्यापारी जीपमधून उतरायचे ते लिलावाच्या थाटातच. “काय मॅडम, यंदा कम्प्युटर कितीला फुटला?” मी म्हणायचे, “दोनशे बहात्तरला.” ते क्षणभर विचार करायचे. “आन सिव्हिल?” मी सांगायचे. “मग सिव्हिलच घेऊ. माल तोच, नाव येगळं.” त्यांचा मुलगा मागे मान खाली घालून उभा असायचा. तो पुढे सिव्हिललाच गेला आणि मजेत राहिला, हे त्यांनी मला त्याच जीपनं येऊन कळवलं.

पंचवटीतले एक गुरुजी आले ते मुलाची पत्रिका आणि मार्कशीट दोन्ही घेऊन. पत्रिका त्यांनी स्वतः पाहिली होती. विद्यायोग उत्तम होता. “तुमचं गणित काय म्हणतं?” त्यांनी विचारलं. मी मोजून सांगितलं, “गुरुजी, पुढे एकाहत्तर जण आहेत आणि जागा साठ.” गुरुजी गंभीर झाले. “म्हणजे बारा जणांची अडचण आहे.” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “एका मुलाची शांती करता येते. बारा परक्या मुलांची कशी करणार?” आणि स्वतःच इतके हसले की रांगेतले लोकही हसायला लागले. त्यांच्या मुलाला मी बीएस्सीचा फॉर्म दिला, तो त्यांनी आनंदानं भरला.

आणि सातपूरचे एक टर्नर. पहिली पाळी सुटली की कारखान्यातून थेट यायचे, हाताला तेलाचा वास असायचा. त्यांच्या मुलाला दोनशे बावन्न मार्क होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, एका मार्कात पोरं किती बसतात?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. घरी नेऊन मी यादी मोजली. वरच्या टोकाला एकेका मार्काला दोन-तीन मुलं, आणि जिथे प्रवेश बंद होतो तिथे एकेका मार्काला ढीगभर. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “बघा, म्हणजे वर चुकलं तर चालतं. खाली सुताचा फरकसुद्धा चालायचा नाही. आमच्यात असल्या कामाला नवा माणूस लावत नाहीत.” त्या दिवसापासून माझे अंदाज पुष्कळ सुधारले. मी त्यांचं नावही लिहून घेतलं नव्हतं. जिथे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीला माझी उत्तरं तीन असायची: होईल, काठावर आहे, नाही होणार. ‘काठावर’ कुणालाच आवडायचं नाही. “काठावर म्हणजे पाण्यात का जमिनीवर ते सांगा ना,” असं म्हणायचे लोक. चार-पाच वर्षं माझे अंदाज बरोबर येत गेले तसं मलाही ते उत्तर कमीपणाचं वाटायला लागलं. ज्याला कळतं तो काठावर म्हणत नाही, असं मला वाटायचं. माणसाचं डोकं कसं फिरतं पाहा, बदली नाही, बढती नाही, पगार तोच, आणि तरी मला गर्व झाला होता.

अशात एक दिवस मखमलाबादचे रंगनाथ नाना खिडकीशी आले. मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवून पंचवटीच्या बाजारात विकणारे. माल उतरवून तसेच आले होते, धोतराला माती होती. सोबत मुलगी अर्चना, आमच्याच कॉलेजची. शांत, वहीला व्यवस्थित कव्हर घालणारी.

नाना म्हणाले, “ताई, अडचण अशी हे. पोरीचा डी.एड.ला नंबर लागलाय, इथं नाशकातच. कागद आज पाच वाजेपर्यंत द्यायचे हेत. आन तिला पाहिजे इंजिनेरिंग. नाशकातल्या कॉलेजात लागत असंल तर माझी ना नाय. पण बाहेरगावी मी पाठवणार नाय. आमच्या गावातली एक पोरगी अजून होस्टेलात राह्यलेली नाय. आता तुम्ही सांगा, डी.एड. सोडू का धरू?”

त्या काळात डी.एड. म्हणजे दोन वर्षांत हातात शिक्षिकेची नोकरी. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसायचे. आलेली डी.एड.ची जागा सोडायची म्हणजे फार मोठी गोष्ट होती. मी अर्चनाला विचारलं, “डी.एड. का नको गं?” तिने खाली बघत, पण स्पष्ट सांगितलं, “मॅडम, मला लहान मुलं आवडत नाहीत.”

नाना तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मी याद्या काढल्या. पहिला राउंड होऊन गेला होता, पण त्यात यादीतल्या वरच्या मुलांनाच बोलावलं होतं. मुलींसाठी राखलेल्या जागांपैकी नाशिकमध्ये नऊ उरल्या होत्या. अर्चनाच्या पुढे, अजून पाळी न आलेल्या, चौदा मुली होत्या. त्यांतल्या निदान सहा जणी येणार नसतील तर नववी जागा अर्चनाची. मी मेडिकलची यादी शेजारी ठेवली आणि लाल पेन्सिल घेतली. पाच नावं भराभर सापडली, पाचांचेही बैठक क्रमांक जुळले. सहावं नाव होतं पाटील वैशाली सुरेश. मेडिकलच्या यादीतही पाटील वैशाली सुरेश होती. तिथली झेरॉक्स कडेला कापली गेली होती आणि तिच्या ओळीत बैठक क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे दिसत नव्हते.

दगूभाऊ म्हणाला, “मॅडम, उद्या जाऊन दुसरी कॉपी आणू का?” पण उद्याचा काय उपयोग? कागद पाच वाजता द्यायचे होते आणि तेव्हा वाजले होते साडेतीन. बाहेर एक बाप, एक मुलगी उभी. माझ्या हातात पेन्सिल. मी सहावं नाव खोडलं.

“नाना, डी.एड. सोडा. नाशिकला होईल,” मी म्हणाले. ‘काठावर’ म्हणायला हवं होतं. ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

नानांनी पुन्हा विचारलं नाही. कागदांची पिशवी काखेला मारली आणि मुलीला म्हणाले, “चल घरी.” अर्चना जाताना वळून माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला पुढे बरेच दिवस छळत राहिलं.

आठ दिवसांनी दुसरा राउंड होता. आदल्या दिवशी नाना पुन्हा आले. “ताई, पुण्यातलं आम्हाला काय समजत नाय. तुम्ही येता का बरोबर?” मी किरकोळ रजा टाकली. पोरीच्या काळजीनं गेले असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला माझा अंदाज खरा होताना बघायचा होता. आजवर मी नुसतं खिडकीतून सांगत आले होते, फळ्यावरचा आकडा पुसला जाताना कधी पाहिला नव्हता.

हॉल खचाखच भरलेला. पंखे होते, पण वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि फळ्यावरच्या नाशिकच्या रकान्यातला नऊचा आकडा आठ झाला, मग सात. माझ्या पेन्सिलीनं खोडलेलं पहिलं नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. दुसरं पुकारलं. कुणी नाही. मी नानांकडे पाहिलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय असेल याची मला आज लाज वाटते. पाचही मुली आल्या नाहीत. फळ्यावर नाशिकची एक जागा उरली होती आणि मध्ये फक्त एक नाव.

“पाटील वैशाली सुरेश.”

मी अर्चनाला कोपरानं ढोसलं. “तयार राहा, आता तूच.” तेवढ्यात मागच्या रांगेतून पिवळ्या ओढणीची एक मुलगी उठली. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. ती पुढे गेली, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाशिक.” सरांनी एकचा आकडा पुसून तिथे शून्य लिहिलं.

तिची काही चूक नव्हती. ती दुसरी वैशाली होती, एवढंच. तिनं कधीच मेडिकलचा अर्ज केला नसेल.

लगेच अर्चनाचं नाव पुकारलं गेलं. आम्ही तिघं टेबलापाशी गेलो. सर थकलेले होते, पण वाईट बोलले नाहीत. “नाशिक संपलं. नगर जिल्ह्यातल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची जागा आहे, मुलींचं होस्टेल आहे. घ्यायची तर घ्या, एक मिनिट थांबतो.”

नाना माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही तर म्हणले होते...” डी.एड. गेलं होतं. नाशिक गेलं होतं. उरलं होतं तेवढं एकच, आणि ते त्यांनी आधीच नाही म्हणून ठेवलेलं. “आता काय करू ते सांगा.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे यादी नव्हती आणि पेन्सिलही नव्हती. होस्टेल कसं असेल, ही मुलगी तिथे टिकेल का, गावात लोक काय बोलतील, यातलं काहीही मोजता येत नव्हतं. मी म्हणाले, “नाना, मला माहीत नाही.”

नानांनी थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं. मग मुलीला विचारलं, “राहशील?”

“राहीन.”

“रडशील.”

“रडेन. पण राहीन.”

टेबलामागचे सर पेन उघडून बसले होते. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “मागल्या टायमाला तुम्हाला माहीत होतं, तर असं झालं. आता माहीत नाय म्हणता, म्हंजे बरं होईल.” आणि अर्चनाला म्हणाले, “कर सही.”

हे ते रागानं म्हणाले की गमतीनं, हे मला अजूनही सांगता यायचं नाही. दोन्ही असावं.

परतीची एसटी नारायणगावला चहासाठी थांबली. अर्चना खिडकीशी झोपली होती. मी आणि नाना खाली उतरलो. तोवर नानांना वाटत होतं की नशिबानं एक मुलगी आड आली. तसं त्यांना वाटू द्यायला काहीच हरकत नव्हती, कुणाला कधी कळलं नसतं. पण मी कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. बैठक क्रमांक, कापलेली झेरॉक्स, सहावं नाव. “नाना, नशीब नव्हे. चूक माझी. मला खात्री नव्हती आणि मी तुम्हाला खात्रीनं सांगितलं.”

नानांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, “म्हंजे तुम्ही नीट मोजलं असतं तर मला नाय म्हणल्या असत्या.”

“हो.”

“आन मी पाच वाजता डी.एड.चे कागद देऊन आलो असतो.”

“हो.”

नानांनी रिकामी कपबशी बाकावर ठेवली. कंडक्टरनं बेल दिली तेव्हा उठत म्हणाले, “ताई, मला राग आलाय. खोटं कशाला बोलू? उतरायला टाइम लागंल. आन आर्चीच्या आईला यातलं काय सांगू नका. तिचा तुमच्यावर लय विश्वास हे.”

त्या वर्षी दसऱ्यापर्यंत नाना दिसले नाहीत. अर्चना पहिल्या महिन्यात दोनदा रडत घरी आली आणि दोन्ही वेळा स्वतःच परत गेली, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दगूभाऊ झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन ऑफिसात आला. “मखमलाबादच्या नानांनी दिली. म्हणले, ऑफिसच्या दाराला तोरण करा.” नाना स्वतः आत आले नव्हते. तरी ती फुलं बघून माझ्या मनावरचं ओझं निम्मं उतरलं.

त्या प्रकरणानंतर मी ‘काठावर’ हा शब्द पुन्हा वापरायला लागले आणि लोक नाराज झाले तरी सोडला नाही. आणखी एक झालं. आजवरच्या अंदाजांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ज्यांना मी ‘होईल’ म्हटलं आणि झालं नाही, ते परत येऊन सांगायचे, कधी भांडायचेसुद्धा. पण ज्यांना मी ‘नाही’ म्हटलं, ते पुण्याला गेलेच नाहीत. त्यांतली किती मुलं खरं तर लागली असती? ती कुठल्याच यादीत सापडणार नाहीत. माझे अंदाज खरे ठरायचे त्यामागे हेही एक कारण होतं, आणि मी त्याचं श्रेय घेत बसले होते. एवढ्या वर्षांत मला खरी रुखरुख आहे ती या मुलांची. तेव्हापासून मी कुणालाही ‘नाही’ म्हटलं की पुढे जोडायचे, “तरी जाऊन या.” त्या ‘तरी’वर काही मुलं गेली. काहींना जागा मिळाल्या आणि त्यांनी पेढे आणले. माझा अंदाज चुकल्याचे पेढे मी खाल्ले आणि ते मला फार गोड लागले.

मग सीईटी आली आणि मार्कांचं जुनं गणित मोडलं. काही वर्षांत फॉर्मही कम्प्युटरवर भरायला लागले. याद्या घरबसल्या, निदान कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसल्या दिसायला लागल्या. माझ्या खिडकीवरची रांग आटली. दगूभाऊ म्हणायचा, “मॅडम, आता पुण्याला जायला काय कारणच उरलं नाय.” मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण एका बाईच्या लाल पेन्सिलीवर मुलांचं आयुष्य टांगून ठेवण्यापेक्षा हे बरं, असं मी मनापासून म्हणते. या कामानं मला माझ्या लायकीपेक्षा जास्त दिलं. कनिष्ठ लिपिकाच्या खुर्चीत बसून शेकडो घरांचा तो एक दिवस मला जवळून बघायला मिळाला. अनोळखी माणसं आपल्या मुलाबद्दलची सगळ्यात मोठी इच्छा माझ्यापुढे ठेवून जायची. असा विश्वास मागून मिळत नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. खिडकीवर कुणी नव्हतं. मी दाखले लिहीत होते. एक बाई आल्या, बरोबर वेण्या घातलेली मुलगी. बाईंच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेले सात-आठ कागद होते, सगळी माहिती होती त्यात.

“आम्ही मखमलाबादचे,” त्या म्हणाल्या. “नानांनी पाठवलं. ते अर्चनाताईचे वडील.”

मी अर्चना कशी आहे विचारलं. बंगलोरला असते, मोठ्या कंपनीत आहे, आणि तिच्यामागून गावातल्या चार मुली होस्टेलात राहून शिकल्या, असं त्यांनी सांगितलं. ही पाचवी जाईल म्हणाल्या, नंबर लागला तर.

मी म्हटलं, “अहो, पण आता सगळं कम्प्युटरवर कळतं. तुमच्या हातात कागद आहेतच. मी जुन्या पद्धतीची बाई, माझ्याकडे कशाला आलात?”

त्या जरा अवघडल्या. मुलगीच पुढे झाली. “नाना म्हणले, कम्प्युटरचं बघा, पण त्या मॅडमला पण विचारा. त्या चुकत्यात. पण चुकल्या तर तोंडानं सांगत्यात.”

दाराशी उभा असलेला दगूभाऊ हसायला लागला. मला हसता आलं नाही, माझे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी कुणालाही खिडकीच्या आत घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी दार उघडलं, माझ्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली, त्या मुलीला बसवलं आणि म्हटलं, “आण तुझे मार्क. आपण दोघी मिळून मोजू.”